पळीचा चार्ज

परवा दुपारी मीटिंगमध्ये असताना बागेतल्या शेजारणीने, सेव्गीने, फोटो पाठवला. भलंमोठं पातेलं, त्यात भिजत घातलेले गहू, आणि खाली एवढंच, ‘शनिवारी या.’ झालं. समोर कोणी तरी पुढच्या तिमाहीबद्दल पोटतिडकीने बोलत होतं आणि माझ्या नाकात नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या त्या एसी खोलीत शिजल्या गव्हाचा वास भरला. मी आपली मान हलवत राहिले. काय ठरलं मीटिंगमध्ये, मला आजतागायत ठाऊक नाही.

ते गहू अशुरेचे. अशुरे म्हणजे तुर्कांची गव्हाची खीर म्हणा ना. गहू, काबुली चणे, पांढरा राजमा, जर्दाळू, मनुका, अंजीर, सगळं एका पातेल्यात. प्रलय ओसरला तेव्हा नोहाच्या जहाजावर जे काही शिल्लक होतं ते एकत्र शिजवलं, अशी गोष्ट सांगतात. मोहरमच्या दहाव्या दिवशी ती करायची आणि शेजारीपाजारी सगळीकडे वाटायची. एकही घर सोडायचं नाही, भांडण असलेलं तर मुळीच नाही. मोहरम दरवर्षी थोडा थोडा अलीकडे सरकतो, तशी ही खीरही सरकते. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ऑगस्ट संपत आला होता, बागेत टोमॅटो लगडले होते. यंदा ती नेमकी जुलैच्या मध्यावर आलीय, आणि जुलैचा मध्य म्हटला की सेव्गीच्या घरात पूर्वी सगळे हळू आवाजात बोलायचे. का, ते सांगतेच.

त्या वर्षी, म्हणजे कोरोनाच्या पहिल्या वर्षी, माझे आईबाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले आणि इथेच अडकले. नीउ-व्हेनेपच्या आमच्या घरावरून एरवी दर दोन-तीन मिनिटांनी विमान जातं. त्या उन्हाळ्यात आकाश असं गप्प झालं की शेजारच्या डच बाई म्हणाल्या, मला कबुतरं एवढी बोलतात हे माहीतच नव्हतं. बाबा रोज गच्चीवजा बाल्कनीत उभे राहून आकाश बघायचे. बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरात बसवून ठेवलं तर ते कपाटं लावायला घेतात, आणि त्यांनी लावलेल्या कपाटातलं काही सापडत नाही. आई एक दिवस म्हणाली, “ह्यांना कुठं तरी नेऊन सोड बाई, नाही तर मी डोक्यात राख घालून घेईन.”

म्हणून मी फोल्क्सटाउन घेतलं. म्हणजे खेमेन्टेच्या, आपल्या पालिकेच्या, जमिनीवर वर्षाच्या भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा. एरवी त्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागतं. मला मात्र आठवड्यात मिळाला. मी म्हटलं, वा, नशीब. बागेच्या कमिटीवरच्या बाई किल्ली देताना म्हणाल्या, “तिथे कोणी टिकत नाही, पण तुम्ही बघा.” त्या मास्कच्या आत हसत होत्या हे मला नंतर कळलं.

आमच्या तुकड्याच्या डावीकडे निहातकाका, उजवीकडे युसुफकाका. निहातकाका तुर्की सैन्यातून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर एकुलत्या लेकीजवळ राहायला आलेले. त्यांचे वाफे दोरी लावून आखलेले, वांगी रांगेत उभी. युसुफकाका चाळीस वर्षं इथल्या बेकरीत पाव भाजून निवृत्त झालेले. त्यांच्या बागेत भोपळा कुठून सुरू होतो नि कुठे संपतो हे खुद्द भोपळ्यालाही माहीत नसावं. निहातकाकांची लेक सेव्गी, आणि ती युसुफकाकांची सून. म्हणजे हे दोघे व्याही. या नात्याला डचमध्ये शब्द नाही, इंग्रजीत नाही, पण तुर्कीत आहे. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग शहाणी माणसं आहेत.”

शहाणी कसली? दोघे चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मधला तुकडा आधी त्यांचा दोघांचा सामाईक होता. तोच सोडून दिला, आणि तो माझ्या पदरात पडला. सगळं जग त्या वर्षी दीड मीटर लांब उभं राहायला शिकत होतं. या दोघांचा अभ्यास चार वर्षं आधीच झालेला.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वीच्या जुलैत, एका शुक्रवारी, सगळे सेव्गीच्या नव्या संसारात जेवायला जमले होते. टीव्हीवर दिसलं की इस्तंबूलचा पूल सैनिकांनी अडवलाय, रणगाडे निघालेत. तुर्कस्तानात हे नवीन नव्हतं. तिथल्या फौजेने याआधीही निवडून आलेली सरकारं घरी पाठवली होती, कधी रणगाडे आणून, कधी नुसतं एक निवेदन वाचून. निहातकाकांच्या तोंडून निघून गेलं, “शेवटी फौजेलाच यावं लागलं.” युसुफकाकांनी चहाचा पेला ठेवला आणि उठून निघून गेले. त्यांचा थोरला भाऊ शाळामास्तर. ऐंशी सालच्या लष्करी राजवटीत त्याला उचलून नेलं होतं. तो परत आला, पण पुन्हा कधी वर्गात उभा राहू शकला नाही. फौज म्हटलं की युसुफकाकांना तो भाऊ दिसतो. सकाळपर्यंत ते बंड फसलं आणि धरपकड सुरू झाली. निहातकाकांच्या बहिणीचा मुलगा, मिसरूड फुटलेला कॅडेट, वरून हुकूम आला म्हणून ट्रकमध्ये बसला होता. तो पकडला गेला. ते कळल्यावर युसुफकाका म्हणाले, “बरं झालं.” बस. दोन माणसं, दोन वाक्यं, आणि चार वर्षं.

हे सगळं मला सेव्गीने बागेच्या नळापाशी सांगितलं. ती हाऊसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, फोन घ्यायची. दिवसभर लोकांची खोकल्याची गाऱ्हाणी ऐकून कान किटलेले, त्यात सहावा महिना. नळ सोडून ती पाय पाण्यात बुडवून बसायची. “माझं बाळ ऑक्टोबरात येईल,” ती म्हणाली. “पहिलंच नातवंड आहे दोघांचं. मला ते एका आजोबाकडून दुसऱ्याकडे पार्सलसारखं पोचवायचं नाही. त्याआधी हे दोघं एक शब्द तरी बोलले पाहिजेत. एकच.” तिचे डोळे भरून आले. मला तुर्की राजकारणातलं काही कळत नव्हतं, पण व्याह्यांचे रुसवे मी नागपुरात भरपूर पाहिलेत. मी म्हटलं, बघू.

बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी गोंधळ घातला. शेजारी फौजी आहे कळल्यावर त्यांनी कुंपणापाशी जाऊन कडक सॅल्यूट ठोकला. निहातकाकांनी खुरपं टाकून तसाच परत केला. मग रोज सकाळी हा कार्यक्रम. निहातकाकांना मोडकं इंग्रजी यायचं, बाबांचंही फौजी इंग्रजी, दोघांचं झकास जमलं. आई मेथी नि सांबार पेरत होती (कोथिंबिरीला ती जन्मभर सांबारच म्हणत आलीय) आणि हे दोघे कुठल्या बुटाने पायाला फोड येत नाहीत यावर तासन् तास बोलत होते.

एके दिवशी निहातकाकांनी विषय काढलाच. म्हणाले, “सुभेदार, तू समजशील. पुढारी देश बुडवायला निघाले तर कोणी तरी प्रजासत्ताक सांभाळायला नको?”

बाबा खाली बसून गवत उपटत होते. ते उठले, हात झटकले. “नाही साहेब,” म्हणाले. “आमच्याकडे फौजेच्या लंगरात जेवतानासुद्धा राजकारण बोलायची सोय नाही.” मग त्यांनी त्यांचा तो किस्सा सांगितला, जो मी लहानपणापासून ऐकत आलेय. कुठल्याशा गावात दंगल पेटली होती. यांची तुकडी शस्त्रं घेऊन चौकात उभी. पण गाडीतून उतरायचं नाही, कारण मॅजिस्ट्रेटचा लेखी हुकूम आलेला नाही. शेवटी एक काटकुळा माणूस आला, घाईत पायात बाथरूमच्या चपला, आणि त्याने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. “बंदुका आमच्याकडं होत्या, पेन त्याच्याकडं होता,” बाबा म्हणाले. “आम्ही त्या चपलांना सॅल्यूट मारला. घटना अशीच आहे आमची. आणि ती आमच्या माणसानं लिहिली आहे.” हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांची छाती नेहमी दोन इंच फुगते, तशी फुगली.

निहातकाका आपल्या वांग्यांकडे वळले. दुसऱ्या दिवशी सॅल्यूट झाला, पण जरा मऊ.

युसुफकाकांच्या कानांवर हे कसं गेलं देव जाणे. ते इतके खूश झाले की पिशवीभर टोमॅटो घेऊन हजर. त्यांना तुर्की आणि डच, बाबांना मराठी नि हिंदी, त्यामुळे मधे दुभाषी मी. ते सांगत होते की जनरलांनी स्वतःच्या देखरेखीखाली लिहून घेतलेली घटना लोकांपुढे ठेवली तेव्हा ‘नाही’ची चिठ्ठी निळी होती आणि पाकीट इतकं पातळ की रंग बाहेरून दिसायचा. बाबा म्हणाले, “निळी होती काय? मग मी डोळे मिटून तीच टाकली असती.” युसुफकाका पोट धरून हसले. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण बाबा कसले थांबतात. “पण काका,” ते म्हणाले, “मतं भरपूर मिळाली म्हणजे घटना खिशात घालून फिरायचं, हेही बरं नाही. खुर्चीवर बसलेल्यानं उठायचं कधी, तेही लिहिलेलं असते.” युसुफकाका तिथल्या, वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे. मी हे डचमध्ये जमेल तितकं गोड करून सांगितलं. गोड झालं नाही. टोमॅटो काही त्यांनी परत मागितले नाहीत, पण पुढचे दोन आठवडे नवे आले नाहीत.

“अहो, काहून पराया घरच्या भांडणात पडून राहिले तुम्ही?” आई म्हणाली. बाबा म्हणाले, “त्यांनी विचारलं, मी सांगितलं.” आता आमच्या दोन्हीकडे अबोला. मी सेव्गीपुढे तोंड लपवत होते. आणि तरी खरं सांगू, मला तो उन्हाळा आठवला की काळजी आठवतच नाही. आठवतं ते हे, की समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या त्या काळ्या चिकण मातीत आईची मेथी तरारून आली होती, मावळतीला नऊनऊ वाजेपर्यंत ऊन रेंगाळायचं, आणि आईबाबा माझ्याजवळ होते. लग्नानंतर एवढे दिवस ते कधी माझ्याकडे राहिले नव्हते. जग बंद पडलं म्हणून मला माझे आईबाबा मिळाले. हे त्या वेळी मोठ्याने बोलायची लाज वाटायची, बाहेर माणसं जात होती.

मग मोहरम आला. सेव्गीने ठरवलं, अशुरे बागेत करायचं, आमच्या मधल्या तुकड्यावर, मोकळ्या हवेत. गव्हाला सतत ढवळावं लागतं, नाही तर तळाला लागतो. रीत अशी की घरातल्या प्रत्येकाने पळी धरायची आणि मनात काही तरी मागायचं. अडचण उघड होती. दोन आजोबा एका पातेल्यापाशी येणार कसे?

बाबांनी लगेच ड्यूटी लावली. आधी निहातकाका, मग मधे बाबा स्वतः, मग युसुफकाका. म्हणजे दोघांची गाठच पडणार नाही. “आणि पहाऱ्याचा नियम लागू,” त्यांनी जाहीर केलं. “बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. बदली आली की काय काय ताब्यात आहे ते तोंडानं सांगायचं, मग चार्ज द्यायचा.” मी हे सेव्गीला आणि युसुफकाकांना डचमध्ये समजावलं. निहातकाकांना समजवायची गरज नव्हती. मी म्हटलं, खिरीला कसला चार्ज, बाबा? ते म्हणाले, “तळाला लागली की कळेल.”

त्या सकाळी निहातकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पळी घेऊन उभे राहिले. गहू रटरटत होता. पुढची पाळी बाबांची. बाबा आलेच नाहीत. मी फोन केला, उचलला नाही. निहातकाकांचा हात भरून आला होता, पण ते डावा-उजवा बदलत ढवळत राहिले. आणि तेवढ्यात फाटक वाजलं. युसुफकाका आपल्या पाळीला आले, तेही लवकर.

ते दीड मीटरवर उभे राहिले. निहातकाकांनी मान वर केली नाही. जागा सोडता येत नव्हती, त्यांच्यासारख्या माणसाला ते शक्यच नव्हतं. मी पळी घ्यायला पुढे झाले, तर सेव्गीने माझी बाही धरली. युसुफकाका मला डचमध्ये म्हणाले, “त्यांना सांग, बदली आलीय.” मी तोंड उघडलं, पण बाही आणखी ओढली गेली. मी म्हटलं, “मला तुर्की येत नाही, काका.” अगदी खरं होतं ते.

पातेल्यातून किंचित जळका वास आला. निहातकाका ताठ झाले, समोर बघत, परेडवर द्यावा तसा रिपोर्ट देऊ लागले. सेव्गी माझ्या कानाशी अर्थ सांगत होती. गहू पूर्ण शिजलेला. चणे आणि राजमा आत. जर्दाळू अजून नाही. आच मंद. तळ राखला आहे. मग त्यांनी पळी आडवी करून लांब हाताने पुढे धरली. युसुफकाकांनी हात पुसले, पळी घेतली आणि एक शब्द बोलले, “आल्दम.” घेतला.

एक शब्द. सेव्गीने मागितलेला तेवढाच. तिने माझी बाही इतकी पिळली की ती पुन्हा कधी सरळ झाली नाही.

युसुफकाका ढवळू लागले. दोनदा पळी फिरवली आणि पातेल्याकडेच बघत म्हणाले, “आमच्या देशात शिपायाने आपणहून ताबा सोडला, हे आज बघायला मिळालं.”

निहातकाका पाठमोरे होते. त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, संपलं सगळं. ते वळले तर हसत होते. “नीट ढवळ,” ते म्हणाले, “नाही तर मला परत यावं लागेल.”

मग काय. युसुफकाका पळी धरून हसतायत, सेव्गी हसत हसत रडतेय, पोट धरून बाकावर बसलीय, आणि मी अर्थ समजायच्या आधीच हसतेय. हसण्याचा भर ओसरला तेव्हा युसुफकाकांनी हलकेच विचारलं, “त्या भाच्याचं काय?” निहातकाका म्हणाले, “अजून आतच आहे.” युसुफकाकांनी पळी तळापर्यंत फिरवली. “मी बरं झालं म्हणालो, ते बोलायला नको होतं. पोर होतं ते.” निहातकाकांनी मान हलवली. “त्या रात्री मलाही तुझा भाऊ आठवायला हवा होता.” मिठी मारायची सोय नव्हती त्या वर्षी. निहातकाकांनी जर्दाळूचं ताट उचलून पातेल्याजवळ सरकवलं, एवढंच.

बाबा अर्ध्या तासाने आले, आईला घेऊन, रमतगमत. नेदरलँड्समध्ये येऊन सहा महिने झाले तरी त्यांनी मनगटावरचं घड्याळ नागपूरच्या वेळेवरून हलवलं नव्हतं. “साडेतीन तास वजा करायचे, मी चार केले,” ते म्हणाले. “चूक झाली.” आईने माझ्याकडे बघितलं. “चाळीस वर्षांत ह्यांचं घड्याळ चुकलं नाही,” ती पुटपुटली, आणि डब्यातली मेथीची पोळी काढून सगळ्यांना वाटायला लागली.

ऑक्टोबरात देनिझ झाली. तिच्या कानात अजान युसुफकाकांनी म्हटली आणि नाव निहातकाकांनी सांगितलं. काम वाटून घेतलेलं. आईबाबा त्याच महिन्यात परतले. विमानतळावर दोघे व्याही दीड मीटर अंतर ठेवून उभे होते, आणि बाबांनी सॅल्यूट ठोकला तेव्हा दोघांनीही परत केला. युसुफकाकांचा हात चुकीचा होता.

कोणाला वाटेल, मग त्यांचं राजकारण जुळलं असेल. छे. आता दोघे रोज भांडतात, आणि माझ्या तुकड्यातून एकमेकांकडे ये-जा करत भांडतात. माझी स्ट्रॉबेरी त्यात तुडवली गेली, दोनदा. मी तिसऱ्यांदा लावली नाही. त्या पट्ट्यावर आता पायवाट पडलीय आणि तिथे मी काही पेरत नाही.

तर काल शनिवारी आम्ही सगळे बागेत होतो. बाबा नागपूरहून व्हिडिओवर, फोन टोमॅटोच्या काठीला टेकवलेला. निहातकाकांच्या हाताला आता कंप आहे. ते थोडं ढवळतात आणि चार्ज देतात. काल त्यांनी बदली म्हणून देनिझला बोलावलं. पोरगी अजून चारची नाही. स्टुलावर चढली, आजोबांचा रिपोर्ट गंभीरपणे ऐकला, पळी धरली आणि डचमध्ये म्हणाली, मी घेतली. सेव्गीने मागून पातेलं धरून ठेवलं.

मग युसुफकाकांची पाळी आली. ते पुढे झाले, हात पसरला. देनिझ ढवळत राहिली. त्यांनी गोड बोलून मागितली, तिने मान हलवली. त्यांनी जर्दाळू दाखवला. तिने जर्दाळू खाल्ला आणि पळी सोडली नाही.

“बघ,” युसुफकाका निहातकाकांना म्हणाले, “अगदी तुमच्या फौजेवर गेलीय.”

“फौजेवर?” निहातकाका म्हणाले. “ही तुमच्या सरकारवर गेलीय.”

दोघेही माझ्या फोनकडे वळले, निकाल मागायला. सेव्गीने मला अर्थ सांगितला आणि मी बाबांना सगळं मराठीत सांगितलं. बाबा हसता हसता खोकू लागले, आणि मग त्यांनी सुभेदाराच्या आवाजात विचारलं, “तिला सांगितलं होतं का कोणी, केव्हा द्यायची?”

मी ते डचमध्ये विचारलं. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीच सांगितलं नव्हतं. शेवटी युसुफकाका गुडघ्यावर बसले, नातीच्या डोळ्यांना डोळे भिडवून म्हणाले, “दहा वेळा फिरव, मग माझी पाळी, मग परत तुझी.” देनिझने विचार केला. मग ती मोठ्याने मोजायला लागली, आणि तिच्या पाठोपाठ दोघे आजोबाही.